गिव्ह अप : दिली, गेली की घेतली?

आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका चुकीपासून करायची आहे, आणि चूक आमचीच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघं मिळून संध्याकाळचा इंग्रजीचा एक वर्ग चालवत होतो. फी नावापुरती, मुलंमुली बहुतेक गावाकडून शिकायला आलेली, दिवसा कॉलेज किंवा नोकरी आणि संध्याकाळी आमच्याकडे. एकदा 'माझे कुटुंब' या विषयावर इंग्रजीत दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. पाटण तालुक्यातल्या एका मुलानं लिहिलं होतं, 'अवर लँड वेंट इन डॅम.' आम्ही लाल पेन काढलं. जमीन कशी जाईल? जमिनीला काय पाय असतात? वाक्यावर काट मारली आणि वर लिहिलं, 'माय ग्रँडफादर गेव्ह अप हिज लँड फॉर द डॅम.' बाजूला शेराही मारला, 'फ्रेझल व्हर्ब वापरत जा, इंग्रजी इंग्रजीसारखं वाटेल.'

तास संपल्यावर मुलगा वही घेऊन पुढं आला. म्हणाला, "सर, वाक्य चांगलंय. पण आजोबांनी जमीन दिली नाही हो. जमीन गेली."

त्या वेळी आम्ही त्याला काहीतरी व्याकरणाचं सांगून वाटेला लावलं. पण खरं सांगायचं तर उत्तर नव्हतं. आज जे बोलणार आहोत, ते त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा. विषय एवढाच : 'गिव्ह अप' हे दोन शब्द म्हणजे नेमकं काय, ते कुठं वापरायचे, आणि कुठं वापरताना हात आखडता घ्यायचा.

आधी साधा अर्थ बघू. कोशात पाहिलं तर 'गिव्ह अप' म्हणजे सोडणे, सोडून देणे, त्याग करणे, शरण जाणे, हार मानणे. शाळेत आपण हे एका दमात पाठ करतो आणि इथंच घोटाळा होतो, कारण ही पाच क्रियापदं मराठीत पाच वेगवेगळी माणसं आहेत. सिगरेट सोडणारा, हक्क सोडणारा, पोलिसांच्या स्वाधीन होणारा, कोडं न सुटल्यामुळे 'हरलो बाबा, तूच सांग' म्हणणारा आणि आजारी माणसाची आशा सोडणारा, या सगळ्यांना इंग्रजी एकाच दोन शब्दांच्या खुर्चीत बसवतं. कोण कोणत्या अर्थानं बसलाय, हे मागचे-पुढचे शब्द बघून ओळखायचं.

म्हणून व्याकरणाचे तीन खुंट आधी ठोकून घेऊ. पहिला : 'गिव्ह अप'च्या पुढं क्रिया आली तर ती 'इंग' लावून येते. 'ही गेव्ह अप स्मोकिंग' बरोबर, 'टू स्मोक' चूक. आपण 'प्रयत्न करायचं सोडलं' असं बोलतो, म्हणून आपल्या मुलांच्या हातून 'गेव्ह अप टू ट्राय' जातं. दुसरा : 'इट', 'देम' अशी सर्वनामं मध्येच बसतात. 'गिव्ह इट अप' म्हणायचं, 'गिव्ह अप इट' कोणी म्हणत नाही. तिसरा खुंट सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्यासाठीच हा सगळा प्रपंच आहे. 'गिव्ह अप'ला कर्म आहे की नाही, ते बघायचं. 'त्यानं अमुक गोष्ट गिव्ह अप केली' आणि 'त्यानं गिव्ह अप केलं' ही वरवर जुळी वाक्यं आहेत, पण पहिल्यात वस्तू सुटते आणि दुसऱ्यात माणूसच सुटतो.

हा फरक आपल्याला इंग्रजी पुस्तकातून शिकायची गरज नाही. जून १६६५ चा पुरंदरचा तह आठवा. मिर्झाराजे जयसिंगाशी झालेल्या या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे ठेवले. इंग्रजीत सांगायचं झालं तर महाराजांनी तेवीस किल्ले 'गेव्ह अप' केले, हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. पण कर्म काढून टाका आणि नुसतं 'ही गेव्ह अप' म्हणा, तर तेच वाक्य शंभर टक्के खोटं होतं. पाच वर्षांच्या आत, फेब्रुवारी १६७० मध्ये, सिंहगड परत आला आणि मग एकेक करत बाकीचेही येऊ लागले. किल्ले सोडले होते, डाव सोडला नव्हता. व्याकरणातलं एक कर्म गाळल्यामुळं इतिहास उलटा होऊ शकतो, याचं याहून सोपं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

आणि गंमत बघा, इंग्रजी भाषेतही हे क्रियापद किल्ल्यांच्या बरोबरच येतं. इंग्लंडमध्ये पीटरबरो नावाच्या ठिकाणी मठातल्या साधूंनी वर्षावार नोंदींची एक बखर ठेवली होती. तिचा शेवटचा भाग ११५४ च्या सुमाराला लिहिला गेला. त्यात स्टीफन राजाच्या कारकिर्दीची हकिगत आहे. राजाला सॉल्सबरीचा बिशप रॉजर, लिंकनचा बिशप अलेक्झांडर अशा बड्या मंडळींचा संशय आला. त्यांच्याकडं स्वतःचे किल्ले होते. राजानं त्यांना पकडून कैदेत टाकलं आणि किल्ले हवाली करेपर्यंत तिथंच ठेवलं. या हवाली करण्यासाठी त्या साधूनं जे क्रियापद लिहिलं, ते आजच्या 'गेव्ह अप'चंच जुनं रूप आहे. या क्रियापदाच्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक.

इथं क्षणभर थांबू. देणारा कोण? बिशप. वाक्याचा कर्ता कोण? बिशप. आणि तो देताना कुठं बसलाय? तुरुंगात. म्हणजे हे क्रियापद पहिल्यापासून असं आहे. ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्यालाच ते कर्ता करतं आणि 'यानं दिलं बरं का' असं जगाला सांगतं. पण बखरकार प्रामाणिक होता. त्यानं तुरुंग लपवला नाही, त्याच वाक्यात लिहून ठेवला. आमच्या दुरुस्त केलेल्या वाक्यात तुरुंग नव्हता. चूक नेमकी तिथं होती.

आता हे 'अप' कुठून आलं? 'अप' म्हणजे वर. पीटरबरोचा भाग डेन्मार्क-नॉर्वेकडून आलेल्या लोकांच्या वस्तीचा होता आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'गेफा उप्प' असा अगदी याच जोडणीचा प्रयोग होता. जर्मनमध्ये 'आउफगेबेन', डचमध्ये 'ओपगेवेन', सगळीकडं तीच जोडी : देणं आणि वर. खालच्यानं वरच्याच्या हातात द्यायचं, असं चित्र डोळ्यापुढं आणलं तर शरण जाण्याचा अर्थ चटकन उमगतो. पुढं इंग्रजीत 'अप'ला आणखी एक छटा आली, काम पुरतं उरकल्याची. 'ईट अप' म्हणजे ताटात काही न ठेवता खाऊन टाक, 'यूज अप' म्हणजे वापरून संपव. आपण 'खाऊन टाक', 'पिऊन टाक', 'संपवून टाक' म्हणतो ना, त्यातल्या 'टाक'चं जे काम, ते इथं 'अप' करतं.

या जोडक्रियापदांचा त्रास फक्त आपल्यालाच होतो असं समजू नका. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हाच प्रस्तावनेत सांगून ठेवलं की क्रियापदाला छोटा शब्द चिकटून अर्थ बदलण्याचा हा प्रकार परक्या माणसाला सगळ्यात अवघड जातो. त्याला 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बऱ्याच उशिरा मिळालं. लोगन पिअर्सल स्मिथनं १९२५ च्या आपल्या पुस्तकात ते वापरलं, आणि ते सुचवलं होतं ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे नाव शंभर वर्षांचं, वस्तू आठशे-नऊशे वर्षांची.

आता आपल्या घरात येऊ. मराठीत फ्रेझल व्हर्ब नाहीत असं आम्हीसुद्धा एके काळी वर्गात सांगत होतो. ते अर्धवट होतं. छोटा शब्द चिकटवण्याची आपली रीत नाही, हे खरं. पण आपण एका क्रियापदाच्या मागं दुसरं क्रियापद जोडतो आणि तेच काम त्याच्याहून बारकाईनं करतो. एक 'सोडणे' घ्या.

'त्यानं नोकरी सोडली.' ही बातमी झाली.

'त्यानं नोकरी सोडून दिली.' इथं विचार करून, मोकळं होऊन, पुन्हा मागं न बघण्याची छटा आहे.

'त्यानं नोकरी सोडून टाकली.' इथं त्रासून, एका झटक्यात.

'तो नोकरी सोडून बसलाय.' इथं बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. बहुतेक वडील बोलतायत. (हशा)

चारही ठिकाणी इंग्रजीत 'गेव्ह अप हिज जॉब' चालून जाईल. इंग्रजीत राग, सुटका, उतावळेपणा हे सगळं आवाजात किंवा पुढच्या वाक्यात आणावं लागतं. आपल्याकडं 'देणे', 'टाकणे', 'बसणे' ही मागची क्रियापदंच बोलणाऱ्याचं मत सांगून टाकतात. आणि 'सोडून देणे'मध्ये 'देणे' आहेच, 'गिव्ह'सारखंच. दोन लांबच्या भाषांनी सोडण्यात देणं बघितलं, ही आम्हाला मोठी सुंदर गोष्ट वाटते.

मराठीनं तर ते धार्मिक विधीपर्यंत नेलं. 'हक्कावर पाणी सोडलं' असं आपण म्हणतो. 'घरावर तुळशीपत्र ठेवलं' म्हणतो. ही दोन्ही दानविधीतली चित्रं आहेत. दान देताना हातावरून पाणी सोडतात, वस्तूवर तुळशीचं पान ठेवतात. एकदा पाणी सोडलं की ती वस्तू आपली राहिली नाही, तिच्याबद्दल कुरकुर करायची नाही. म्हणजे सोडण्याला एक मान आहे. याच्या उलट 'हात टेकले'. यात मान नाही, दान नाही, फक्त दमणूक आहे. 'डॉक्टरांनी हात टेकले', 'या पोरापुढं आम्ही हात टेकले'. तुळशीपत्र ठेवणारा आणि हात टेकणारा यांच्यात किती अंतर आहे! 'गिव्ह अप'च्या एकाच पोत्यात दोघंही भरले की ते अंतर दिसेनासं होतं.

हे दिसेनासं होणं नुसतं शब्दांपुरतं राहत नाही, म्हणून त्यावर बोलायला हवं. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये कधी गेलात तर बघा. टेबलासमोरच्या भिंतीवर, पाण्याच्या बाटलीवर, टी-शर्टवर, मोबाइलच्या पडद्यावर एकच मंत्र : नेव्हर गिव्ह अप. खाली कुठंतरी चर्चिलचं नावही घातलेलं असतं. आता चर्चिल २९ ऑक्टोबर १९४१ ला हॅरो या आपल्या जुन्या शाळेत मुलांपुढं बोलले होते, हे खरं. पण तिथं त्यांनी वापरलेलं क्रियापद 'गिव्ह इन' होतं, 'गिव्ह अप' नव्हे. 'गिव्ह इन' म्हणजे समोरच्याच्या दडपणापुढं वाकणं. त्याला समोर कोणीतरी दडपणारा लागतो. युद्ध चालू होतं आणि समोर हिटलर होता, त्यामुळं ते क्रियापद अगदी चपखल होतं. शिवाय चर्चिलनी लगेच अपवादही जोडला होता : स्वाभिमान आणि शहाणपण सांगत असेल, तर त्यापुढं वाकायला हरकत नाही. टी-शर्टवर क्रियापद बदललं आणि अपवाद गळाला.

याचा परिणाम काय होतो ते आम्ही जवळून पाहिलं आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गाला सहा प्रयत्न आहेत आणि वयाची अट बत्तीस. म्हणजे आयोग स्वतः सांगतो की एका टप्प्यानंतर थांबा. भिंत मात्र सांगते, थांबलास तर तू संपलास. आमच्या वर्गात पाचवा प्रयत्न करून आलेली एक मुलगी होती. तिला एका शाळेत शिकवायची नोकरी चालून आली होती आणि ती तिला मनापासून आवडलीही होती. पण ती इंग्रजीत एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायची, 'आय डोंट वाँट टू गिव्ह अप.' आम्ही तिला म्हटलं, हेच मराठीत सांग बघू. ती बोलायला लागली आणि अडखळली. 'मला हार मानायची नाहीये' असं म्हणू? पण ती हार मानत नव्हती. 'मला हे सोडायचं नाहीये' म्हणू? पण सोडायचं तर होतं. शेवटी हळूच म्हणाली, 'मला परीक्षा सोडून द्यायची आहे, पण लोक म्हणतील मी हात टेकले.' बघा, मराठीनं तिच्या मनातली गाठ दोन शब्दांत उलगडली. इंग्रजीत दोन्ही गोष्टी 'गिव्ह अप'च असल्यामुळं तिला स्वतःलाच कळत नव्हतं की तिला कशाची भीती आहे.

यात इंग्रजीचा दोष नाही, हे स्पष्ट सांगतो. इंग्रज माणूस हा फरक कर्मावरून करतो. 'आय ॲम गिव्हिंग अप द एक्झाम' आणि 'आय ॲम गिव्हिंग अप' यांत त्याला फरक ऐकू येतो. आपण भिंतीवरून अर्धं क्रियापद उचललं, कर्माशिवाय, आणि ते आयुष्याला लावलं. काय सोडू नको, हे सांगितल्याशिवाय 'सोडू नको' म्हणणं हा सल्ला नव्हे, ती नुसती धमकी आहे.

याच क्रियापदाला 'ऑन' जोडलं की ते माणसांवर येतं. 'गिव्ह अप स्मोकिंग' म्हणजे सिगरेट सोडली. 'गिव्ह अप ऑन समवन' म्हणजे त्या माणसाकडून काही होईल ही आशाच सोडली. शिक्षकांनी हे फार जपून वापरायला हवं. 'टीचर्स हॅव गिव्हन अप ऑन हिम' हे वाक्य वाचताना मुलावर शेरा वाटतो, पण कर्ता बघा, शिक्षक आहेत. सोडलंय त्यांनी. मराठीत आपण म्हणतो 'तो वाया गेला', 'तो हाताबाहेर गेला'. म्हणजे गेला तोच, आपण जागच्या जागी! इथं इंग्रजी जास्त प्रामाणिक आहे, हेही कबूल करायला हवं. ते सोडणाऱ्याचं नाव घेतं.

आता सरकारी वापराकडे येऊ. २०१५ साली घरगुती गॅसच्या अनुदानासाठी केंद्र सरकारनं 'गिव्ह इट अप' ही मोहीम काढली. ज्यांना परवडतं त्यांनी आपणहून अनुदान सोडावं, म्हणजे गरिबाघरी गॅस जाईल, असं आवाहन होतं. एक कोटीहून जास्त ग्राहकांनी ते सोडलं. भाषेच्या दृष्टीनं ही मोहीम फार हुशारीची होती. पराभवाशी जोडलेलं क्रियापद घेतलं, त्यात 'इट' हे कर्म नीट मध्ये बसवलं, आणि त्याला तुळशीपत्राचा अर्थ दिला. देणारा मोकळा होता, नाही म्हणू शकत होता, आणि काय देतोय ते त्याला माहीत होतं. या तीन अटी पूर्ण होतात तिथं 'गिव्ह अप' खऱ्या अर्थानं 'देणं' असतं. जाता जाता सांगतो, हेच तीन शब्द मुंबईतल्या विनोदाच्या कार्यक्रमात सूत्रधार ओरडून म्हणतो, 'गिव्ह इट अप फॉर' अमुकतमुक, आणि तिथं त्याचा अर्थ जोरदार टाळ्या वाजवा! आमचे एक ज्येष्ठ स्नेही अशा कार्यक्रमाला गेले आणि त्यांना वाटलं, खुर्ची सोडायला सांगतायत. (हशा) शब्द तेच असले तरी जागा बदलली की अर्थ बदलतो, तो असा.

या तीन अटी लक्षात ठेवा : देणारा मोकळा हवा, नाही म्हणण्याची सोय हवी, काय देतोय ते माहीत हवं. आता त्या मुलाच्या आजोबांकडे जाऊ.

कोयना धरण पाटण तालुक्यातलं. १९६० च्या दशकात ते पूर्ण झालं आणि मागं शिवाजीसागर जलाशय पसरला. खोऱ्यातली गावं उठली, माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. या घटनेसाठी तीन क्रियापदं चालतात. कागदावर असतं 'भूसंपादन झालं', म्हणजे जमीन घेतली. समारंभातल्या भाषणात असतं 'शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, त्याग केला'. आणि घरात, ओसरीवर बसून बोलताना, असतं 'जमीन गेली'. घेतली, दिली, गेली. जमीन एकच, क्रियापदं तीन, आणि प्रत्येक क्रियापदामागं बोलणारा वेगळा.

मोकळेपणानं 'नाही' म्हणणाऱ्यांचं काय झालं तेही आपल्याला ठाऊक आहे. १९२१ मध्ये मुळशीला धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढं होते, 'सेनापती' हे नाव त्यांना तिथंच मिळालं. मावळ्यांनी जमीन द्यायला नकार दिला, तुरुंगात गेले. धरण झालं. आज मुळशीचं पाणी बघायला आपण सहलीला जातो. त्या शेतकऱ्यांनी जमिनी 'गेव्ह अप' केल्या असं लिहिणं म्हणजे तुरुंगातल्या बिशपांना दानशूर म्हणण्यासारखं आहे.

आपल्या जुन्या कागदपत्रांतही हा खेळ आहे. 'राजीनामा' हा शब्द घ्या. राजी म्हणजे खुशीनं, नामा म्हणजे लेख. मुंबई इलाख्याच्या महसुली कारभारात खातेदार जमिनीवरचा हक्क सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि नवा खातेदार कबुलायत. सोडणाऱ्याची खुशी शब्दातच छापलेली! सावकाराच्या तगाद्यापायी अंगठा उठवणाराही कागदावर राजीच. आजही ज्याला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून राजीनामा 'मागितला', तो राजीनामा 'देतो'. इंग्रजीतला 'गिव्ह अप' आणि मराठीतला 'राजीनामा' हे एकाच गावचे.

मग 'गेली' बरोबर का? इथं त्या मुलाची बाजू घेतानाही एक गोष्ट सांगायला हवी. 'जमीन गेली', 'नोकरी गेली', 'वीज गेली', 'विकेट गेली', आपण सगळ्याला गेलं म्हणतो. यात देण्याचा खोटा मोठेपणा नाही हे खरं, पण घेणाराही नाही. जमीन जणू पावसात वाहून गेली. इंग्रजीत 'वी लॉस्ट अवर लँड' म्हणतात. त्यात घर दिसतं, दुःख दिसतं, पण हरवणारे आम्हीच ठरतो. पूर्ण खरं सांगायचं तर घेणारा आणि गमावणारा दोघंही वाक्यात यायला हवेत. 'गिव्ह अप'च वापरायचं असेल तर 'हॅड टू गिव्ह अप' म्हणा, म्हणजे द्यावी लागली. 'वॉज मेड टू गिव्ह अप' म्हणा, म्हणजे द्यायला लावली. दोन-तीन शब्द वाढतात, पण तुरुंग वाक्यात परत येतो.

जर्मन भाषेत 'आउफगेबेन'पासून 'आउफगाबं' हा शब्द झाला. त्याचे दोन अर्थ आहेत : सोपवलेलं काम आणि सोडून देणं. शाळेचा गृहपाठही आउफगाबं, आणि माघारही आउफगाबं. वाल्टर बेन्यामिननं १९२३ मध्ये भाषांतरकाराच्या कामावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या नावातच हा शब्द आहे. पुढं १९८३ मध्ये पॉल द मान यांनी एका व्याख्यानात त्याच्यावर बोट ठेवलं : भाषांतरकाराचं काम म्हणा की भाषांतरकाराची माघार म्हणा, शब्द तोच. आम्हाला हे फार पटतं. एका भाषेतून दुसरीत जाताना काहीतरी सोडावं लागतंच. प्रश्न एवढाच असतो, काय सोडलं आणि कोणाचं सोडलं. आम्ही त्या दिवशी वाक्यातला बोजडपणा सोडला नाही, त्या मुलाच्या घरातलं सत्य सोडलं. आणि ते आमचं नव्हतंच सोडायला.

शेवटी ते वाक्य दुरुस्त कसं करायला हवं होतं? 'अवर लँड वेंट इन डॅम.' आम्ही परवा पुन्हा तिघं बसलो आणि नीट वाचलं. इंग्रजीत 'गो अंडर' असं एक क्रियापद आहे. बुडणं, पाण्याखाली जाणं. धंदा बुडाला तरी 'वेंट अंडर'च म्हणतात, घर उद्ध्वस्त झाल्याचा वासही त्याला आहे. 'अवर लँड वेंट अंडर व्हेन दे बिल्ट द डॅम.' त्यांनी धरण बांधलं तेव्हा आमची जमीन पाण्याखाली गेली. 'गेली' तशीच राहिली, आणि बांधणारे 'ते'ही वाक्यात आले.

म्हणजे त्याचं 'वेंट' बरोबर होतं. एक 'इन' काढून 'अंडर' घालायचं होतं आणि शेपटीला चार-पाच शब्द जोडायचे होते, इतकंच. फ्रेझल व्हर्ब वापरत जा, असा शेरा आम्ही मारला होता. तो त्यानं जवळजवळ वापरलाच होता, आम्हाला ओळखता आला नाही.

तो मुलगा आता कुठं असतो, आम्हाला ठाऊक नाही. हे ऐकत असेल तर त्यानं एवढं करावं, ती वही अजून असेल तर आमचं वाक्य खोडून टाकावं. पेन लाल असलं तरी चालेल.